चामडी तळाच्या बुटांना पावसाआधी रबर लावून घेताना

हे काम मेमध्येच उरकायचं. मुंबईत पाऊस दाखल होण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख आहे ११ जून. बुटाच्या तळाला रबर लावायचं तर हवा कोरडी लागते, तळ कोरडा लागतो आणि काम करणाऱ्याला सवड लागते. पहिली सर पडली की तिन्ही गोष्टी संपतात. गटईच्या स्टॉलवर तुटलेल्या चपला आणि मोडक्या छत्र्यांची रांग लागलेली असते, आणि अशा घाईत केलेलं काम जुलैत उखडतं.

बूट काळा, नाडीचा ऑक्सफर्ड. गुडइयर वेल्ट पद्धतीने शिवलेला, तळ पूर्ण चामडी. कडेला नुसत्या तळाची जाडी मोजली तर ५ मिमीच्या आसपास भरते. टाच चामड्याचे थर एकावर एक रचून केलेली आणि शेवटच्या थराच्या मागच्या कोपऱ्यात रबराची पाचर.

वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी चामड्याची पट्टी. वरचं चामडं, अस्तर आणि आतला तळ यांना ती एका शिलाईने जोडलेली असते. बाहेरचा तळ दुसऱ्या शिलाईने या पट्टीला. मधल्या पोकळीत कॉर्कचा लगदा भरतात. जमिनीकडची शिलाई बुटाच्या आत कुठेच उघडी पडत नाही, हा यातला खरा फायदा. ही शिलाई घालणारं यंत्र ज्याच्या नावाने चालतं तो धाकटा चार्ल्स गुडइयर. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत १८३९ मध्ये ज्याला सापडली तो त्याचा बाप. मुलाच्या शिलाईखाली बापाचं रबर चिकटवायचं, एवढाच हा उद्योग.

आपला बूट कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहून घ्यावं. आतलं पॅड उचलल्यावर खाली टाक्यांची रांग दिसली तर तो ब्लेक शिलाईचा. त्यात दोरा आतल्या तळातून थेट बाहेरच्या तळात उतरतो, त्यामुळे तळ भिजला की दोऱ्याच्या वाटेने पाणी मोज्यापर्यंत चढतं. त्याला रबराची गरज वेल्टवाल्याहून जास्त. तिसरी जात नुसत्या चिकटवलेल्या तळाची. त्यात चामड्याचा थर पातळ असतो, कधी कधी तर चामड्यासारखं दिसणारं भलतंच काही असतं. रबर चिकटवण्याआधी तळ घासावा लागतो, आणि हा घासायच्या यंत्राच्या चाकावर धरला की घासायला काही उरत नाही. तो हाताने, हलकेच घासून घ्यायचा.

तळाचं चामडं वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेलं असतं. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरत आले आहेत, युरोपात ओकची साल. इंग्लंडात डेव्हनमधल्या कॉलिटन गावी बेकर यांची टॅनरी अजूनही ओकच्या सालीच्या हौदांत कातडी महिनोन्‌महिने मुरवते. मग ते चामडं दाबून घट्ट करतात. असा तळ कोरडा असताना लाकडासारखा झिजतो, हळूहळू, भुगा पडत. ओला झाला की तंतू फुगतात, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि रस्त्यावरची कच त्यांना ओरबाडून काढते. एका भिजलेल्या दिवसाची झीज कोरड्या आठवड्याला भारी पडते. म्हणून रबर. नुसत्या घसरण्याच्या भीतीने लावायचं असेल तरी हरकत नाही, पण मूळ कारण पाणी.

दुकानातून आणलेला बूट तडक रबर लावायला नेऊ नये, असं माझं मत आहे. पुष्कळ जाणते लोक याच्या उलट सांगतात. नवा कोरा तळ सपाट आणि ताठ असतो. त्यावर सपाट रबर चिकटवलं आणि मग पहिल्यांदा पाऊल वाकलं की सगळा ताण त्या ताज्या जोडावर येतो. आधी चार-पाच वेळा बूट घालून वाकवून घेतला की तळाला आपली घडी सापडते. शिवाय कारखान्यात तळावर चढवलेलं मेण आणि चमक पंज्याखालून आपोआप निघून जाते. आणि बूट चावतो की नाही, तेही कळतं; रबर लावलेला बूट कोणी परत घेत नाही. मी पाच वेळा, दर वेळी तीन-चार तास, फक्त कोरड्या रस्त्यावर वापरला. प्रत्येक वापरानंतर किमान एक दिवस सुट्टी.

एवढ्यातच बुटाच्या टोकाला तळाची कड अर्ध्या मिलिमीटरने बसली होती. नव्या बुटाची झीज इथूनच सुरू होते, कारण ताठ तळ नीट वाकत नाही आणि पाऊल उचलताना टोक जमिनीला घासून जातं. ही झीज वेल्टच्या शिलाईपर्यंत पोहोचली की दोरा तुटतो आणि तळ पुढून जबडा उघडतो. पंज्याखाली भोक पडायला वर्षं लागतील, पण टोक दोन-तीन महिन्यांत जाऊ शकतं. त्यामुळे टोकाची सोय आधी, पंज्याची नंतर.

रबर कुठपर्यंत लावायचं हे स्टॉलवर ठरवू नये, घरून खूण करून न्यावी. बूट काचेच्या टेबलावर ठेवला. पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद टाचेच्या बाजूने तळाखाली सरकवत नेला. जिथे अडला तिथे आतल्या आणि बाहेरच्या कडेला पेन्सिलीने एकेक टिंब दिलं. ही झाली जमिनीला टेकण्याची रेषा. तिच्या मागे, म्हणजे टाचेकडे, १२ मिमीवर दुसरी रेषा आखली. रबराची मागची कड या दुसऱ्या रेषेवर यायला हवी. टेकण्याच्या रेषेवरच कड ठेवली तर प्रत्येक पावलाला ती खरडली जाते आणि तिथूनच उचकटते. उलट रबर फार मागे, कमानीच्या खोलगट भागात नेलं तर ते तिथे ताणलेलं राहतं, सरळ व्हायला बघतं आणि तळ सोडतं. दोन्ही पायांच्या खुणा सारख्या आल्या नाहीत, एका मिलिमीटरचा फरक होता. तो तसाच ठेवला. उगाच सारख्या करायला गेलं तर एक कड चुकीच्या जागी जाते.

रबर १.५ ते २ मिमी जाडीचं, बारीक नक्षीचं घ्यावं. विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या नावातली अक्षरं जोडून झालेली व्हिब्रम कंपनी असं रबर करते. फ्रान्सची टोपीही करते (मराठी कानाला नाव संशयाचं वाटलं तरी माल चांगला असतो). ते मिळालं नाही तर स्टॉलवरच्या शीटमधून पातळात पातळ निवडावी. जी जाड शीट सहसा पुढे केली जाते ती ४ मिमीची असते. तिने पंजा ४ मिमी वर उचलला जातो आणि टाच होती तिथेच राहते. बुटाचा फरमा, म्हणजे ज्या साच्यावर तो बेततात, ठराविक उंचीच्या टाचेसाठी घडवलेला असतो. तो तोल गेला की चालताना आपण मागे कलतो, आणि वरचं चामडं नव्या ठिकाणी घड्या घालू लागतं.

पहिल्या खेपेला काम फसलं. तळावर पॉलिशपेपरचे आठ-दहा हात मारले गेले, चिकटवायच्या सोल्यूशनचा एकच हात बसला, लगेच रबर दाबलं आणि वर चार चुका (बारीक लोखंडी खिळे) ठोकल्या. १५ मिनिटांत बूट हातात. तीन आठवड्यांनी डाव्या बुटाचं टोक उघडलं आणि आत खडी शिरली.

सुटलेलं रबर फेकून देण्याआधी उलटं करून पाहावं, चूक कुठे झाली ते तिथे लिहिलेलं असतं. सगळं सोल्यूशन रबरावर आणि तळ कोरा असेल तर तळ नीट घासला गेला नव्हता किंवा त्यावर तेल-मेण होतं. सोल्यूशन तळावर राहून रबराची पाठ चकचकीत निघाली तर रबराची पाठ घासायची राहून गेली. दोन्हीकडे सोल्यूशन आहे, पण चिकट, ताणलं तर तारा सुटतात, म्हणजे ते वाळण्याआधीच जोडलं. दोन्हीकडे आहे आणि कोरडं, गुळगुळीत, तर ते वाजवीपेक्षा जास्त वाळलं किंवा दाब कमी पडला. माझ्या बाबतीत तळ कोरा होता, तपकिरी आणि स्वच्छ, कारखान्याची चमक कडेला अजून शाबूत.

दुसऱ्या खेपेला दुसऱ्या स्टॉलवर, दुपारी दोनच्या सुमाराला गेलो. त्या वेळी गर्दी नसते. बूट दोन दिवस घरात पंख्याखाली ठेवून पूर्ण सुकवला होता.

"काका, चुका ठोकायच्या नाहीत."

"चुकांशिवाय टिकत नाही हो, साहेब. महिन्याने परत याल."

"दोन हात सोल्यूशन मारा. मधे लागेल तेवढा वेळ घ्या, मी बसतो."

"मग बसा. घाई केलीत तर माझी जबाबदारी नाही."

हा सौदा चांगला होता, कारण या कामात खरा खर्च वेळेचाच आहे.

घासणं आधी. ६० ते ८० नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, आखलेल्या रेषेपर्यंत. रेषेवर चिकटपट्टी लावून ठेवली होती, त्यामुळे मागच्या भागावर ओरखडे आले नाहीत. तळाचा वरचा चकचकीत पापुद्रा पूर्ण जाऊन चामड्याला लव उठेपर्यंत घासायचं. बोट फिरवलं तर सुती कापडासारखं लागलं पाहिजे. बूट उजेडात तिरका धरावा; कुठेही चमक दिसली तर तिथे काम बाकी आहे. कडेचा ५ मिमीचा पट्टा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो, कारण कडेची रंगवलेली रेघ खराब होईल या भीतीने हात आवरता घेतला जातो. कडेचा रंग नंतर पुन्हा देता येतो.

इथे शिलाई सांभाळायची. काही बुटांत तळाची शिलाई उघड्या खाचेत दिसते, काहींत चामड्याची पापडी उचलून खाली शिलाई घालून पापडी परत चिकटवलेली असते. दुसऱ्या प्रकारात फार घासलं तर पापडी उडते आणि दोरा उघडा पडतो. मोटारच्या चाकावर हे सेकंदात होतं. हाताने घासावं हे त्यामुळेच. घासून झाल्यावर कोरड्या ब्रशने धूळ झटकायची. ओलं फडकं फिरवायचं नाही.

रबराची पाठही तशीच घासली. आणि मागच्या कडेची १० मिमीची पट्टी काकांनी रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, तिरकी तासून शून्यावर आणली. रबर दगडावर उलटं ठेवून, रापी जवळजवळ आडवी धरून, एकाच ओढीत. निघालेली पट्टी एका बाजूला कागदाइतकी पातळ आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण जाडीची होती. हे केलं नाही तर तळावर मागे २ मिमीची पायरी राहते आणि पायरी असली की ती कशाला तरी अडकतेच.

स्टॉलवर ज्याला सोल्यूशन म्हणतात ते सिंथेटिक रबराचं, पिवळसर चिकटद्रव्य. फेविकॉल एसआर ९९८ हे त्यातलं सर्वांच्या ओळखीचं नाव. त्याचा स्वभाव साध्या गोंदाच्या उलटा. गोंद ओला असताना जोडतात. हे दोन्ही बाजूंना लावून, वाळू देऊन मग जोडतात. पहिला हात चामडं पिऊन टाकतं. १५ मिनिटांनी तळ पुन्हा मॅट दिसू लागला, मग दुसरा पातळ हात. रबराला एकच पुरतो. नंतर पुन्हा १५ ते २० मिनिटं. बोटाची मागची बाजू टेकवून पाहायची: ओढ जाणवते, पण बोटाला काही लागत नाही, ती वेळ जोडण्याची. जाड थर लावला तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं, ते महिनाभर तसंच राहतं.

पावसाळ्यात हेच काम का फसतं, तेही इथेच आहे. सोल्यूशनमधला द्राव उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवेत दमटपणा भरपूर असला की त्या थंड थरावर बाष्प जमतं, डोळ्यांना धड दिसतही नाही. जोड त्या ओलाव्यावर होतो आणि दोन दिवसांत कागदासारखा सुटतो. त्यातूनही जुलैत करायची वेळ आलीच तर हेअर ड्रायरने दोन्ही बाजू किंचित कोमट करून लगेच जोडावं.

जोडताना दुसरी संधी नाही. टेकलं की टेकलं. टोकाकडून सुरुवात करून, मध्यरेषेवर अंगठ्याने दाबत मागे आणि मग मधून कडांकडे, म्हणजे हवा बाहेर निघते. रबर आतल्या आणि बाहेरच्या कडेला ३-४ मिमी जास्त कापलेलं असावं. नंतर बूट लोखंडी फरम्यावर उलटा चढवून गोल तोंडाच्या हातोडीने मधून बाहेर ठोकत जायचं. बारीक, सलग ठोके, एकही जागा न सोडता. या सोल्यूशनला दाब लागतो, नुसतं वजन ठेवून रात्रभर सोडण्याने ते काम होत नाही. काकांनी एका बुटाला मोजून तीन-चार मिनिटं ठोकलं. शेवटी रापीने जास्तीचं रबर कडेबरोबर कापलं, कड बारीक पॉलिशपेपरने घासली आणि काळा रंग दिला. २४ तास घालायचा नाही.

चुकांबद्दलचा हट्ट उगाच नव्हता. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले आणि त्यात पाणी पडलं की काळं होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई आपल्याकडे ज्या रसायनावर व्हायची, तेच बुटाच्या तळात घडतं. चुकेभोवती आधी निळसर काळं वलय येतं, मग चूक गंजते, भोवतीचं चामडं ठिसूळ होतं आणि भोक मोठं होऊन चूक निघून येते. वर तिने पाण्याला कॉर्कपर्यंत वाट करून दिलेली असते. खिळे लागणारच असतील, टाचेला लागतात, तर पितळी मागावेत.

टोकाला नाल. रस्त्यावर मिळते ती चंद्रकोरीसारखी लोखंडी पट्टी, दोन-तीन खिळ्यांची. विलायती चांगल्या नाली स्टीलच्या आणि तीन स्क्रूंच्या असतात. त्या तळात खाच कोरून समतल बसवायची पद्धत आहे, पण खाच कोरताना टोकाची शिलाई बहुधा कापली जाते. रबर २ मिमीचं आणि नालही तेवढीच जाड असेल तर खाच लागतच नाही: आधी नाल तळावर बसवायची, मग रबराची पुढची कड नालीच्या वळणाप्रमाणे कापून तिला भिडवायची. दोन्ही एका पातळीत येतात. स्क्रूची लांबी पाहावी. टोकाला तळ ५ मिमी आणि वर वेल्ट २-३ मिमी. नालीची जाडी सोडून ८ मिमीहून लांब स्क्रू वेल्टच्या वर डोकावतो. नालीचा तोटा एकच, पण मोठा आहे. मेट्रो स्थानकांतला ओला ग्रॅनाइट आणि लोखंड यांचं जमत नाही. जिन्याने उतरताना टोक आधी टेकायची सवय असेल त्याने नालीऐवजी रबर टोकापर्यंत न्यावं आणि टोकाचा तुकडा झिजला की तेवढाच बदलावा.

तेलाचा प्रश्न नेहमी निघतो. कोल्हापुरीला तेल पाजतात, मग बुटाच्या तळाला का नको? खोबरेल तर घरात असतंच. तेल प्यालेला तळ मऊ पडतो आणि मऊ तळ लवकर झिजतो. तेलकट चामड्यावर सोल्यूशन धरत नाही, त्यामुळे पुढे कधी रबर लावायचं ठरलं तर तो रस्ता बंद. आणि दमट कपाटात तेलकट चामड्यावर बुरशी आवडीने वाढते. तळासाठी विकत मिळणारी तेलंही रबर न लावलेल्या तळापुरतीच, वर्षातून एखाद-दोन वेळा, कापसाच्या बोळ्याने चार थेंब. रबर लावायचं की तेल, हे एकदा ठरवून टाकावं. दोन्ही करायला गेलं की दोन्ही जातात.

रबराने बूट जलाभेद्य होत नाही. तळ पाण्यापासून वाचतो, पण वेल्टची वरची शिलाई आणि वरच्या चामड्याचा वेल्टशी होणारा कोपरा उघडाच राहतो. तिथे जुन्या टूथब्रशने मेणाचं पॉलिश घासून भरायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी कापडाने जास्तीचं काढायचं. शुद्ध मधमाश्यांचं मेण वापरायचं असेल तर ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं, तेव्हा ते थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात वाटी ठेवून मऊ करावं. वरच्या चामड्यावर आधी क्रीम, मग मेणाचं पॉलिश. स्पंजच्या टोपणाचं द्रव पॉलिश घडीच्या जागी पापुद्रा धरतं आणि तडकतं; तडकीत पाणी शिरलं की काही उपाय चालत नाही.

आणि एवढं सगळं केल्यावरही जुलैच्या मुसळधार दिवशी बूट पायात नसावा. सांताक्रूझला चार महिन्यांत सरासरी २,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो. त्यापुढे २ मिमी रबराची मातब्बरी ती काय! लोकलने येणारे रबरी चपला घालून येतात आणि बूट टेबलाखाली ठेवलेला असतो, यापेक्षा चांगली युक्ती कोणी काढलेली नाही. बुटावरून चढवायची रबरी आवरणं मिळतात, दोन-तीन तास ठीक. आपल्या उकाड्यात दिवसभर ठेवली तर बूट आतून घामाने भिजतो आणि बाहेरून भिजण्याशी त्याचा फरक उरत नाही.

तरी भिजलाच तर. घरी आल्या आल्या चिखल ओल्या फडक्याने पुसावा, नाडी काढावी, जीभ बाहेर ओढून ठेवावी, आतलं पॅड सुटं असेल तर काढावं. वर्तमानपत्राचे बोळे जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळून आत भरावेत, म्हणजे शाई अस्तराला लागत नाही. पहिले बोळे अर्ध्या-पाऊण तासात ओले गच्च होतात. ते बदलावेत, पुन्हा तासाभराने बदलावेत, मग रात्रभर तिसरे. बूट उभा ठेवायचा नाही, कुशीवर निजवायचा, तळाला दोन्ही बाजूंनी हवा लागली पाहिजे. पंखा चालेल. ऊन, गॅसजवळची जागा, इस्त्री नाही, ड्रायर तर नाहीच. तापून वाळलेलं चामडं आकसतं, वेल्टच्या टाक्यांपाशी फाटतं, आणि तळ वर वळून होडी होते. वरून दुसऱ्या दिवशी कोरडा वाटतो, पण कॉर्क आणि आतला तळ यांत ओल असते. ४८ तास थांबावं. पूर्ण सुकल्यावरच क्रीम.

कपाटात ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा नाही, हवा खेळेल अशा सुती पिशवीत ठेवायचा. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं, आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये ती तेवढी असतेच. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात काम करतात. उघड्या रॅकवर त्या दिवसभरात भरून जातात आणि मग नुसती शोभा. दर आठवड्याला बूट बाहेर काढून तासभर पंख्याखाली ठेवणं जास्त उपयोगी. बुरशी आलीच तर बाल्कनीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशने झटकावी. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, फडकं पिळून पुसावं. शिलाईच्या कडा आणि जिभेखालची बाजू विसरू नये, ती तिथूनच परत येते. तोच ब्रश नंतर पॉलिशला वापरायचा नाही.

लंडन किंवा टोरांटोत राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं: बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. बूट वाळला की पांढऱ्या रेघा उमटतात. तेच व्हिनेगर-पाण्याचं मिश्रण चालतं, पण त्याच संध्याकाळी पुसावं. मीठ चामड्यात मुरलं की चामडं कोरडं पडून तडकतं.

ऑक्टोबरात बूट उलटा करून पाहिला. पंज्याच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबून बघायचं. तळ पुठ्ठ्यासारखा दबला तर खालचं चामडं संपत आलंय, आणि भोक पडायच्या आत तळ बदलायला द्यायला हवा, कारण एकदा भोक पडलं की पाणी कॉर्क कुजवतं. घट्ट लागला. रबराची नक्षी बाहेरच्या कडेला पुसट झाली आहे, मध्ये शाबूत. मागची कड कुठेही उचललेली नाही. नखाने उचकटून पाहिलं. नालीचा एक स्क्रू ढिला होता, तो काढून भोकात सोल्यूशनमध्ये बुडवलेली आगपेटीच्या काडीची बारीक सळी घातली आणि परत पिळला.

टाच मात्र द्यायला झाली आहे. उजव्या बुटाची रबरी पाचर बाहेरच्या कोपऱ्यात इतकी झिजली की वरचा चामड्याचा थर जमिनीला लागायला दोनेक मिलिमीटर उरलेत. तो लागला तर शेवटच्या थराबरोबर त्याच्यावरचा थरही बदलावा लागतो. या आठवड्यात, दुपारी दोनला.